माजघरातलं पोस्ट ऑफिस

आमच्या समुपदेशन केंद्रात नव्याने येणाऱ्या बाईकडून एक अर्ज भरून घ्यावा लागतो. नाव, पत्ता, मोबाईल इथपर्यंत पेन भराभर चालतं आणि 'ई-मेल' या रकान्यापाशी येऊन अडतं. "मिस्टरांचा चालेल का?" "मुलाचा टाकते." "आहे हो माझा, पण भाच्याने काढून दिलाय, मला काही तो उघडता येत नाही." ही तीन उत्तरं मी इतक्यांदा ऐकली आहेत, की बाईने तोंड उघडण्याआधीच मला अंदाज येतो यातलं कुठलं येणार ते.

मैत्रिणींनो, ई-मेल म्हणजे नुसतं पत्र पाठवायचं साधन असतं तर मी यावर एवढं लिहायला बसले नसते. पण आज बँक, विमा, आयकर, मुलांच्या प्रवेशाचे अर्ज, परीक्षेचं हॉलतिकीट, सगळीकडे तो एक रकाना असतोच. शिवाय कुठलाही पासवर्ड विसरला की नवा पासवर्ड घ्यायचा दुवा येतो तो याच पेटीत. म्हणजे घरातल्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या ज्या खुंटीला टांगलेल्या असतात, ती ही खुंटी. आणि ती आपल्याला हात पोचेल अशा उंचीवर नाही, हे बऱ्याच जणींच्या लक्षातच आलेलं नसतं.

आमच्या मंडळाच्या ते लक्षात आलं ते जरा महागात पडून. मंडळाचं ई-मेल खातं फार पूर्वी तेव्हाच्या खजिनदारबाईंच्या मोबाईल नंबरावर उघडलेलं होतं. पुढे बाई लेकीकडे दुसऱ्या गावी गेल्या, तो नंबर बंद पडला. एके दिवशी मंडळाचा कॉम्प्युटर बदलला आणि नव्या कॉम्प्युटरवरून खातं उघडायला गेलो तर कंपनी म्हणते, तुमच्या नंबरवर कोड पाठवला आहे तो टाका. तो नंबर आता कोणाकडे असेल, देवाला ठाऊक! कंपनीला अर्ज केले, मंडळाच्या नोंदणीचा दाखला पाठवतो म्हटलं. पण तिकडे माणूस असा भेटतच नाही, यंत्रच यंत्राच्या भाषेत उत्तर देतं. अनुदानाची पत्रं, बचत गटांचे अहवाल, वकीलबाईंनी पाठवलेले सल्ले, सगळं त्या पेटीत. आहे सगळं, पण आपलं नाही.

त्याच सुट्टीत माझा पुतण्या आला होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने हे ऐकलं आणि म्हणाला, "काकू, फुकटच्या खात्याचं असंच असतं. आपण आपला स्वतःचा मेल सर्व्हर टाकू ना, घरीच. तुमच्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर होईल." मला कल्पना आवडली, हे मी लपवत नाही. आपलं टपाल, आपल्या माजघरात, आपल्या कुलपाखाली! मग आम्ही दोघांनी महिनाभर त्याचा पाठपुरावा केला. त्यातून जे समजलं ते सांगते, कारण "स्वतःचा सर्व्हर टाका" हा सल्ला हल्ली बऱ्याच हुशार मुलांच्या तोंडी असतो, आणि तो पूर्ण चुकीचाही नाही.

सर्व्हर म्हटलं की डोळ्यांपुढे मोठं कपाट, लुकलुकणारे दिवे येतात. तसं काही नसतं. सर्व्हर म्हणजे चोवीस तास जागा असणारा एक कॉम्प्युटर, बस्स. तो पोस्ट ऑफिसचं काम करतो. बाहेरून आलेलं पत्र घ्यायचं, ज्याच्या त्याच्या खणात टाकायचं; आपण लिहिलेलं पत्र पुढच्याच्या पोस्टात नेऊन द्यायचं. यासाठी लागणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. 'पोस्टफिक्स' नावाचा एक आहे, १९९८ पासून जगभर वापरात आहे आणि आमच्या पुतण्याने तोच घातला. तुमचं पत्र नेणारी एखादी मोठी कंपनीसुद्धा कदाचित याच जातीचा प्रोग्रॅम वापरत असेल.

खर्चही सुरुवातीला डोळे पांढरे करणारा वाटत नाही. एक डोमेन नाव विकत घ्यावं लागतं, म्हणजे पत्त्यातल्या त्या गोल 'ॲट' च्या पुढचा भाग. शेवटी '.इन' असलेलं नाव वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर पडतं. (पहिल्या वर्षी आमिष म्हणून स्वस्तात देतात, दुसऱ्या वर्षी खरा भाव कळतो. साड्यांच्या सेलसारखंच!) आपल्या देवनागरीतही '.भारत' ने संपणारी नावं २०१४ पासून मिळतात, पण ती सगळीकडच्या अर्जांत अजून नीट स्वीकारली जात नाहीत, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही. विजेचं म्हणाल तर जुना टेबलावरचा कॉम्प्युटर सत्तर वॅट खात असेल तर महिन्याला पन्नास युनिट होतात. म्हणजे लहानसं बिल वाढलंच की. पण 'रास्पबेरी पाय' नावाचा एटीएम कार्डाएवढ्या पाटीवरचा कॉम्प्युटर २०१२ पासून निघाला आहे, तो पाचेक वॅटवर चालतो, महिन्याला चार युनिटसुद्धा नाहीत. एका घरचं टपाल सांभाळायला तो पुष्कळ झाला.

मला पहिली शंका आली ती लाईटची. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल याचा भरवसा नाही. त्या वेळात आलेली पत्रं गेली का वाऱ्यावर? तर नाही. हे मला फार आवडलं. ई-मेलचे नियम १९८२ साली लिहिले गेले, तेव्हा यंत्रं बंद पडणं ही रोजचीच गोष्ट होती. त्यामुळे पाठवणाऱ्या पोस्टाने दार बंद दिसलं तर पत्र परत न्यायचं, थोड्या वेळाने पुन्हा यायचं, आणि असं चार-पाच दिवस तरी करत राहायचं, अशी रीतच आहे. आपल्या पोस्टमनकाकांसारखंच. रात्रभर लाईट नसली तरी सकाळी पत्र येतं.

मग अडतं कुठे? पत्र येण्यात फार अडत नाही. अडतं ते पाठवण्यात.

आमची पहिली ठेच मात्र येण्यातच लागली. घरच्या इंटरनेटला एक आकडी पत्ता असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. आम्हाला वाटत होतं तो आमचा आहे. पुतण्याने तपासलं तर एकाच पत्त्यावर आमच्यासारखी कितीतरी घरं बसवलेली. मोठ्या चाळीला एकच टपालपेटी असावी तसं. इंटरनेट बघायला याने काही फरक पडत नाही, पण बाहेरच्याला नेमकं आमच्याच दारापर्यंत यायचं तर रस्ताच नाही. केबलवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, वेगळा कायमचा पत्ता मिळेल, पण दर महिन्याला जादा पैसे पडतील. ते भरले. पत्ता आला, पहिलं पत्र आमच्या माजघरात येऊन पडलं. पुतण्याने टाळ्या वाजवल्या.

मग उत्तर पाठवायला गेलो तर पत्र घराबाहेरच पडेना. कारण काय, तर एका पोस्टातून दुसऱ्या पोस्टात पत्र नेण्यासाठी एक ठरलेलं दार असतं, त्याला पंचवीस नंबरचं पोर्ट म्हणतात. बऱ्याच इंटरनेट कंपन्या घरगुती ग्राहकांचं हे दार बाहेरून कुलूप लावून ठेवतात. केबलवाल्याला विचारलं तर "ते आम्ही घरगुती कनेक्शनला देत नाही, मॅडम," एवढंच उत्तर.

मला आधी राग आला. पण कारण समजल्यावर त्यांची बाजूही पटली. ई-मेल ज्यांनी सुरू केला ती मंडळी थोडी होती आणि एकमेकांच्या ओळखीची होती. अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्राला निरोप पाठवला आणि पत्त्यात ते 'ॲट' चं चिन्ह घातलं, तेव्हा लबाडी कोण करणार? पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कोणीही कोणाचंही लिहावं, तपासणारं कोणी नाही, अशी ती व्यवस्था. १९७८ मध्ये तिकडच्याच एका कॉम्प्युटर कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना एकदम जाहिरातीचं पत्र धाडलं, आणि नको असलेल्या पत्रांची, म्हणजे स्पॅमची, सुरुवात झाली असं मानतात. पुढे लबाड लोकांनी युक्ती काढली. साध्या घरांतल्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस घालायचा आणि मालकाच्या नकळत त्याच्याकडून लाखो पत्रं पाठवायची. चोराने आपल्या अंगणातली सायकल नेऊन दरोडा घालावा तसं. तेव्हापासून घरगुती पत्त्यावरून येणारं पत्र म्हणजे संशयित, असा शिक्का बसला. १९९८ मध्ये सुरू झालेली 'स्पॅमहाउस' नावाची एक संस्था अशा पत्त्यांच्या याद्या ठेवते आणि जगातले पुष्कळ सर्व्हर त्या याद्या पाहूनच दार उघडतात. त्यातली एक यादी तर केवळ घरगुती वस्तीची आहे. तुम्ही काही गुन्हा केलाय म्हणून नाव येतं असं नाही; तुम्ही त्या वस्तीत राहता म्हणून येतं. हा न्याय आपल्या गावातल्या काही वस्त्यांना चांगला ओळखीचा असेल.

याच्यावर तोडगा म्हणून पत्र पाठवणाऱ्याने आता आपली ओळख पटवून द्यावी लागते. ते शिकताना मला खरं तर मजा आली, कारण सगळे प्रकार आपल्या व्यवहारातलेच आहेत. पहिला, एसपीएफ. शाळेत आपण लिहून देतो ना, की आमच्या मुलाला न्यायला फक्त आजोबा नाहीतर रिक्षावाले काका येतील, तशी ही चिठ्ठी: आमच्या नावाने पत्र फक्त या या पत्त्यांवरूनच येतील. दुसरा, डीकेआयएम, म्हणजे पत्रावर लाखेची मोहोर. वाटेत कोणी खाडाखोड केली की मोहोर जुळत नाही. तिसरा, डीमार्क, म्हणजे हे दोन्ही जुळलं नाही तर पत्राचं काय करायचं याची सूचना. हे तिन्ही आपण स्वतः करू शकतो आणि पुतण्याने एका दुपारी केले.

चौथं मात्र आपल्या हातात नाही. समोरचा सर्व्हर उलटी चौकशी करतो, की हा आकडी पत्ता कोणाच्या नावावर आहे? दारावर आपण पाटी हवी ती लावू शकतो, पण सातबाऱ्यावर नाव चढवायचं तर ज्याची जमीन त्यानेच चढवायला हवं. हा आकडी पत्ता इंटरनेट कंपनीचा, त्यामुळे ही नोंदही तिनेच करायची. मोठ्या शहरातल्या कार्यालयांना ती करून मिळते. तालुक्याच्या गावी घरगुती ग्राहकाने मागितली तर समोरच्या माणसाला आपण काय मागतोय हेच समजत नाही. आम्ही तीन फेऱ्या मारल्या.

आणि हे सगळं जमवूनही पत्र पोचेलच असं नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी नियम आणखी कडक केले. दिवसाला पाच हजारांहून जास्त पत्रं पाठवणाऱ्यांना तर ते तिन्ही पुरावे लागतातच, पण आपल्यासारख्या चार पत्रं पाठवणाऱ्यांनाही ओळखीचा निदान एक पुरावा आणि ती सातबाऱ्याची नोंद लागते. नवीन पत्त्याला पत ही नसतेच. बँकेत नवं कर्ज मागायला गेलेल्या बाईसारखं, "आधी कुठे व्यवहार केलाय का?" आणि पत वाढवायची तर पत्रं पाठवत राहिली पाहिजेत, ती तर आधीच स्पॅमच्या खणात पडतायत! शेवटी पुतण्याने बाहेरच्या एका पैसे घेऊन पत्रं पुढे नेणाऱ्या सेवेमार्फत आमची पत्रं पाठवायला सुरुवात केली. माझ्या जाऊबाईंना पाठवलेलं पहिलं पत्र तरीही त्यांच्या स्पॅममध्ये, लॉटरीच्या आणि औषधांच्या जाहिरातींच्या मध्ये सापडलं. स्पेनमधल्या एका जाणकाराने तेवीस वर्षं स्वतःचा मेल सर्व्हर चालवून २०२२ मध्ये हात टेकल्याचं जाहीर केलं. त्याची तक्रारही हीच होती, की मी सगळे नियम पाळतो, पण मोठ्या कंपन्या माझं पत्रच घेत नाहीत. तेवीस वर्षांचा अनुभवी माणूस जिथे थकला तिथे आपण कुठे?

समजा, तेही जमलं. पुढे रोजची राखण असते. इंटरनेटवर सर्व्हर उघडला की काही वेळातच परक्यांचे प्रयत्न सुरू होतात. पुतण्याने मला नोंदवही दाखवली. पहिल्याच रात्री कोण कुठले अनोळखी पत्ते एकामागून एक पासवर्ड टाकून बघत होते. यंत्रंच ती, थकत नाहीत. मग नवे बदल आले की लगेच घालायचे, प्रमाणपत्र संपलं की नवं करायचं, डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही म्हणून रोजची प्रत दुसरीकडे ठेवायची. सुट्टी संपली की पुतण्या जाणार. मग रात्री अकरा वाजता पेटी उघडेनाशी झाली तर मी कोणाला हाक मारू?

घरातल्या मेल सर्व्हरची जगातली सगळ्यांत गाजलेली गोष्ट एका बाईचीच आहे. हिलरी क्लिंटन २००९ ते २०१३ अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री होत्या, आणि सरकारी खात्याऐवजी न्यूयॉर्कजवळच्या चॅपक्वा या गावातल्या आपल्या घरी असलेल्या सर्व्हरवरून त्यांनी कामाची पत्रं पाठवली. मार्च २०१५ मध्ये हे बाहेर आलं आणि चौकशा लागल्या. सरकारी नियम, गुप्त कागद वगैरे भाग बाजूला ठेवू, तो आपला विषय नाही. मला त्यातले बारीकसारीक तपशील वाचताना गंमत वाटली. जानेवारी २०११ मध्ये कोणीतरी आत घुसायला बघतंय असा संशय आला म्हणून सांभाळणाऱ्याने सर्व्हरच बंद केला होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात तिकडची वीज गेली, तेव्हाही तो बंद पडला. म्हणजे पगारी माणूस ठेवून, एवढ्या मोठ्या घरातही, दुखणी तीच. लाईट आणि चोर! जुलै २०१६ मध्ये तपास यंत्रणेच्या प्रमुखांनी खटल्याची शिफारस केली नाही, पण अत्यंत निष्काळजीपणा झाला असं मात्र म्हटलं. त्या वर्षीच्या निवडणुकीत हा विषय शेवटपर्यंत त्यांच्या मागे होता.

आता मूळ मुद्द्याकडे येते, कारण मला खरी काळजी दुसरीच आहे. पुतण्याला मी एक साधा प्रश्न विचारला. "तू हा सर्व्हर सांभाळणार. मग माझी पत्रं तुला वाचता येतील?" तो प्रामाणिक मुलगा आहे. म्हणाला, "हो काकू. मी वाचणार नाही, पण वाचता येतात. साध्या फायलीच असतात त्या."

इथे मी थांबले. माझ्या घरात हे चालून जाईल. पण आमच्या केंद्रात येणाऱ्या बायकांचं काय? ज्या घरात बाईचा मोबाईल रोज रात्री तपासला जातो, त्या घरात 'आपलं टपाल आपल्या घरात' याचा अर्थ काय होतो? सर्व्हर सांभाळणार कोण, तर नवरा, दीर, नाहीतर मोठा मुलगा. बाईने वकिलाला लिहिलेलं पत्र, माहेरी लिहिलेलं पत्र, नोकरीसाठी केलेला अर्ज, सगळं त्याच्या हाताखालच्या डब्यात. परक्या देशातली कंपनी आपली पत्रं साठवते याचा आपल्याला संताप येतो, तो रास्तही आहे. २०१३ मध्ये याहूची तीन अब्ज खाती चोरांच्या हाती लागली आणि लोकांना कळायला वर्षं गेली. जीमेल तर २०१७ पर्यंत जाहिराती बेतण्यासाठी पत्रांतला मजकूर यंत्राकडून चाळून घेत होतं. पण त्या कंपनीला तुमच्या सासूबाई ओळखत नाहीत! कुठल्या बाईला धोका कुठून आहे, ते आधी बघायला हवं. घरातूनच धोका असेल तर घरातला सर्व्हर ही सुरक्षितता नाही, पिंजरा आहे.

आणि त्यासाठी सर्व्हरच लागतो असंही नाही. केंद्रात आलेल्या एका मुलीला कळेना, की तिच्या प्रत्येक अर्जाची बातमी नवऱ्याला आधी कशी लागते. तिचं खातं लग्नानंतर त्यानेच काढून दिलं होतं आणि सेटिंगमध्ये 'फॉरवर्डिंग' चालू करून ठेवलं होतं. तिला येणारं प्रत्येक पत्र मुकाट्याने त्यालाही जात होतं. आपणही आज आपल्या खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी बघा: फॉरवर्डिंगमध्ये कोणाचा पत्ता घातलेला आहे का, आणि आपलं खातं कोणकोणत्या फोनवर, कॉम्प्युटरवर उघडं आहे. ही यादी कंपनी दाखवते. अनोळखी दिसेल ते काढून टाका आणि मग पासवर्ड बदला. आधी पासवर्ड परत मिळवण्यासाठी कोणाचा नंबर दिला आहे तेही पाहा. मात्र ज्या घरात मारहाणीची भीती आहे तिथे हे एकदम करू नका. त्याला लगेच कळेल. आधी केंद्रातल्या ताईंशी बोला, नवं खातं बाहेरच्या, खात्रीच्या फोनवरून काढा. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी प्रमाणे गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नवरा असला तरी.

मंडळाचं आम्ही शेवटी काय केलं? सर्व्हर घरी ठेवायचा बेत सोडला, पण डोमेन नाव ठेवलं. सगळ्या खटाटोपातली हीच गोष्ट कामाची निघाली. नाव आपलं असलं की पेटी कुठेही ठेवता येते. आम्ही ती पैसे घेऊन टपाल सांभाळणाऱ्या एका सेवेकडे ठेवली; अशा सेवा माणशी महिना पन्नास-शंभरांपासून दोन-चारशेपर्यंत मिळतात. उद्या त्यांनी भाव वाढवला किंवा त्रास दिला तर सामान उचलून दुसरीकडे जायचं, पत्ता तोच राहतो. भाड्याचं घर बदलावं पण रेशनकार्डावरचा पत्ता बदलावा लागू नये, अशी ही सोय. पत्रं पोचवायची, स्पॅम गाळायची, चोर हाकलायची डोकेदुखी त्यांची. ती सेवासुद्धा आपली पत्रं बघू शकते, हे खरंच आहे. फक्त ती आपल्या गल्लीत राहत नाही.

नाव घेताना एक गोष्ट फार जपावी. ते ज्याच्या खात्यावरून विकत घेतलं तोच मालक. आमच्या ओळखीच्या एका गृहोद्योगाचं नाव वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने स्वतःच्या नावावर घेतलं. पुढे पैशांवरून बिनसलं तेव्हा लोणच्याच्या बरण्यांवर छापलेला पत्ता त्याच्या हातात होता. मंडळाचं नाव मंडळाच्याच नावे, मंडळाच्या बँक खात्यातून पैसे देऊन घ्यावं, आणि दोन पदाधिकाऱ्यांचे नंबर त्यावर असावेत. अध्यक्ष बदलल्या की दप्तराबरोबर हेही सोपवायचं. फुकटचं खातं वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. गूगलने डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकायला सुरुवात केली आहे. सासूबाईंच्या नावे उघडून ठेवलेलं, कधी न उघडलेलं खातं असेल तर एकदा उघडून बघा.

पुतण्याचा सर्व्हर मात्र मी मोडू दिला नाही. त्याची पुढची परीक्षा त्यातूनच सोपी गेली असं तो म्हणतो, आणि शेजारची दहावीतली मुलगी रोज संध्याकाळी येऊन त्याच्याशी फोनवर बोलत त्यावर खटपट करते. ज्याला किंवा जिला हे शिकायचं आहे तिने जरूर करावं. आपल्या मुलींनी तर करावंच, म्हणजे पुढे खजिनदारबाईंचं खातं भाच्याला उघडायला लागणार नाही. फक्त त्यावर घरच्या बँकेचा आणि कोर्टाच्या कामाचा पत्ता ठेवू नये. सध्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर मंडळाच्या सगळ्या पत्रांची प्रत दर रविवारी उतरवून ठेवतो. तेवढ्यासाठी तो चोवीस तास जागा ठेवायची गरज नाही, रविवारी दोन तास पुरतात.

डोमेनचं नूतनीकरण दर वर्षी जून महिन्यात येतं. विसरलं की नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो, म्हणून मंडळाच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मे महिन्याच्या पंचवीस तारखेला लाल पेनाने खूण केली आहे, आणि पासवर्डाचं बंद पाकीट सचिव आणि नव्या खजिनदारबाई, दोघींच्या कपाटात एकेक ठेवलं आहे.